निर्वासित आजींच्या घरकुलासाठी गावाने श्रमदान करावे का?

धागाकर्ता (चामोर्शी तालुका, जि. गडचिरोली)

१९६४ साली, वयाच्या सहाव्या वर्षी, पूर्व पाकिस्तानातून आईवडिलांचे बोट धरून निघालेल्या आणि रायपूरजवळच्या माना छावणीतून पुढे तेव्हाच्या चांदा (आताच्या चंद्रपूर-गडचिरोली) जिल्ह्यात वसवल्या गेलेल्या एका आजींच्या घरकुलाची घरभरणी गेल्या पंधरवड्यात झाली. त्या घरासाठी आम्ही पंधरावीस जण राबलो, आणि त्यावरूनच गावात दोन तट पडले आहेत, म्हणून हा विषय येथे मांडतो.

लोकांना दिसल्या त्या आम्ही वाहिलेल्या विटा. गल्लीत ट्रॅक्टरची ट्रॉली वळत नव्हती, त्यामुळे सगळ्या विटा हातोहात आत न्याव्या लागल्या. पण खरे काम कागदाचे होते. पुनर्वसनात मिळालेला गावठाणातील प्लॉट आजींच्या सासऱ्यांच्या नावावर होता. सासरे गेले, मागोमाग नवराही गेला, पण वारस नोंद कोणीच केली नाही. लोखंडी पेटीतून निघालेल्या पट्ट्याचा एक कोपरा उंदरांनी कुरतडलेला, आणि नेमका प्लॉट क्रमांक त्याच कोपऱ्यात. एका दिराच्या संमतीच्या सहीसाठी आमची दोन पोरे मोटारसायकलने छत्तीसगडातील पखांजूरला जाऊन आली. फेरफार झाला, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, नाव चढले, आणि मगच घरकुल मंजूर झाले. चाळीस वर्षे ज्या कवेलूच्या घरात आजी राहिल्या, त्याचा कर त्यांनीच भरला, मात्र पावती सासऱ्यांच्या नावाने निघत राहिली. शेजाऱ्याला एवढी मदत करणे गावाचे काम आहे, असे माझे मत आहे.

वैनगंगाकाठ (भंडारा)

आजींबद्दल आदर ठेवूनच विरोध नोंदवतो. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली, आणि त्या पाण्याखाली गेलेल्या गावांतील आम्ही माणसे देशातल्या देशातच निर्वासित झालो. आमच्या पुनर्वसन गावठाणात आजही अनेक घरांचे कागद अपुरे आहेत, ही माझ्या स्वतःच्या घरातली गोष्ट आहे. आमच्याकडे स्वयंसेवक आले नाहीत ही माझी तक्रार नाही; ते आले असते तरी मी हेच म्हटले असते. कागद दुरुस्त करून देणे हे ज्या कार्यालयाचे काम आहे, ते गावातील पोरांनी पेट्रोल जाळून उरकले की त्या कार्यालयाच्या दप्तरी प्रकरण निकाली निघते आणि दिरंगाईचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही. घराचेही तसेच आहे. अनुदानात न बसणारे घर तुम्ही फुकटच्या मजुरीने बसवले, आणि शासनाच्या यादीत ते ‘पूर्ण’ म्हणून नोंदले गेले. उद्या कोणी रक्कम वाढवून मागितली तर याच घराचा फोटो पुढे केला जाईल.

धानपट्टी (अर्जुनी मोरगाव)

वैनगंगाकाठ यांचे म्हणणे तत्त्व म्हणून ठीक आहे, पण त्यांनी हप्त्यांचा हिशेब धरलेला दिसत नाही. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात प्रधानमंत्री आवास योजनेतून १ लाख ३० हजार रुपये, रोजगार हमीतून ९५ दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार मिळतात. त्यात किमान २५ चौरस मीटरचे घर उभे करायचे असते. रक्कम टप्प्याटप्प्याने येते. पायवा झाल्याचा फोटो चढल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, आणि पायव्यासाठी रेती, गिट्टी, मिस्त्री यांचे पैसे आधी मोजावे लागतात. ज्या घरात कमावता माणूस नाही तेथे पायव्याच्या खड्ड्यात पावसाचे पाणी साचते आणि पुढे त्यात बेशरमाची झाडे उगवतात. असे खड्डे मी आमच्या भागात पाहिले आहेत. धोरण सुधारेपर्यंत सदुसष्ट वर्षांच्या बाईने थांबावे, असे सांगणे मला जमणार नाही.

मोहाखाली (धानोरा)

माझा आक्षेप वेगळा आहे. १९६४ नंतर या कुटुंबांना जी जमीन दिली गेली ती कागदावर पडीक होती. त्या जंगलात आमचे आजे-पणजे मोहफूल वेचत होते, गुरे चारत होते; त्यांच्याजवळ पेटीत ठेवायला पट्टा नव्हता, एवढाच फरक. आजींचा यात दोष नाही, त्यांनाही कोणी विचारून आणले नव्हते. पण त्यांच्या एका सहीसाठी पखांजूरपर्यंत मोटारसायकल जाते आणि आमच्या टोल्यावरच्या (पाड्यावरच्या) वनहक्क दाव्यांसाठी, म्हणजे वनजमिनीवरील हक्काच्या अर्जांसाठी, तालुक्यापर्यंतही जात नाही, हे मला खटकते. आणखी एक विचारतो. त्याच वस्तीतील काही घरे वनजमिनीवर आहेत असे ऐकतो. तेथेही तुम्ही विटा वाहणार आहात का?

धागाकर्ता

नाही, वाहणार नाही. वनहक्क कायद्यानुसार बिगर आदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. ती १९३० पासूनची झाली, आणि १९६४ साली आलेल्या माणसाला ती कधीच दाखवता येणार नाही. अशा जागेवर पक्के घर बांधून देणे म्हणजे त्या कुटुंबाला फसवणे होय, आणि तुमच्या लोकांच्या दाव्यांवर पाय देणेही होय. आजींचा प्लॉट गावठाणात होता, म्हणूनच आम्ही हात घातला.

वैनगंगाकाठ यांचा ‘पूर्ण’ या नोंदीबद्दलचा मुद्दा मात्र मनाला लागला. आम्ही किती मनुष्यदिवस फुकट दिले याची कोठेच नोंद ठेवली नाही. ग्रामसभेच्या ठरावात आकडा लिहून घ्यायला हवा होता, म्हणजे अनुदान किती तोकडे पडले ते दप्तरात राहिले असते. पुढच्या घराच्या वेळी ते करू.

मोहाखाली, खटकण्यासारखेच आहे ते. आम्ही आजींकडे गेलो कारण त्या रोज दिसत होत्या. तुमचा टोला रस्त्यापासून आत आहे, याखेरीज माझ्याजवळ उत्तर नाही. रविवारी आम्ही चौघे येऊ शकतो. दावे दाखल केल्याची पोच कोणाकोणाकडे आहे, तेवढे आधी पाहून ठेवावे.

मोहाखाली (धानोरा)

अकरा घरांपैकी सात जणांकडे पोच आहे. माझ्या काकांची २००९ ची आहे. दावा मंजूर झाला की फेटाळला, हे त्यांना आजवर कोणी कळवलेले नाही. रविवारी या, पण सकाळी लवकर या, दुपारी माणसे बांधीवर (धानाच्या शेतावर) जातात.