भरती, भांग, रापण : सोलापुरात कसं समजवायचं?

जुळे सोलापूर : शाळेत कोळी लोकांच्या मासेमारीवर तक्ते करतोय. आमचा समुद्राशी संबंध मंगळवार बाजारातल्या सुकट-बोंबलापुरता. काल फळ्यावर 'भरती' लिहिलं, तर मागच्या बाकावरून लगेच, "सर, पोलिसाची का?" 'उधाण' सगळ्यांना ठाऊक, पण फक्त आनंदाचं. आता 'भांग' आणि 'रापण' अडलेत. रापणीपुढे 'मोठे जाळे' लिहिलं तर चालेल ना?

मालवणची माहेरवाशीण : नाही चालणार, सर. पोरांच्या डोळ्यांपुढे एकटा माणूस जाळं फेकतोय असं येईल. रापण फेकत नाहीत, ओढतात. एक टोक किनाऱ्यावर धरून ठेवायचं, होडी जाळं सोडत सोडत अर्धा फेरा घेते आणि दुसरं टोक लांबवर पुन्हा वाळूला आणून देते. मग दोन्हीकडच्या दोरांना माणसं लागतात. ओढता ओढता दोन रांगा जवळ सरकत येतात आणि शेवटी मधल्या झोळात बांगडे, तारल्या फडफडताना दिसतात. मासळीचे वाटे पडतात. जाळं सामाईक, कष्ट सामाईक. म्हणून 'रापण' म्हटलं की जाळ्याबरोबर ते ओढणारी मंडळीही आलीच. तेवढं तक्त्यावर लिहाच.

घरी कन्नड, दारी मराठी : कारवारकडे ह्यालाच 'रंपणी' म्हणतात. तुमच्या वर्गात निम्मी पोरं घरी कन्नड बोलत असतील, त्यांना सांगा की.

वसईकर : भांगेचं मी सांगतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, सप्तमी-अष्टमीच्या पुढेमागे भांग. भांगेत भरती-ओहोटीतला फरक कमी, पाण्याला ओढ नसते. आता डोल बघा. हे जाळं खुंटांना बांधून पाण्यात उभं असतं, तोंड रुंद आणि मागे निमुळतं होत गेलेलं. ते मासळीच्या मागे धावत नाही, पाण्याची ओढच मासळी आणून आत भरते. ओढ मेली की डोल रिकामी. बोंबील आणि जवळा डोलीतलाच, म्हणजे तुमच्या बाजारातला माल ह्याच हिशेबावर चालतो. आणि जाता जाता, 'डोलकर' म्हणजे लाटेवर डोलणारा नव्हे हो, डोल लावणारा!

जुळे सोलापूर : आँ? मी पोरांना डोलून दाखवलं होतं.

भीमाकाठ : उजनीला ना भरती ना भांग. आमचं पाणी पुण्याकडून सोडलं की वाढतं. आणि आम्ही मासे 'धरतो', 'मासेमारी' फक्त सरकारी कागदावर. 'नाखवा' पण घ्या सर तक्त्यात. फारसी 'नाखुदा'वरून आलाय, नावेचा धनी.

जुळे सोलापूर : घेतला. रापणीचा तक्ता बदलला, आता जाळं छोटं आणि माणसं मोठी काढलीत. पोरांनी वर्गातल्या कॅलेंडरवर प्रत्येक अष्टमीला पेन्सिलीने 'भांग' लिहून ठेवलंय. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, "कोण घेतंय?"