कुंडीतले किडे आणि घरची माणसं : तुमचे फोटो, तुमचे अनुभव

पावसाळा लागला की माझ्या फोनमध्ये पानांखालचे किडे आणि ते बघायला वाकलेली घरची माणसं, यांचेच फोटो साठत जातात. किड्यांचे नुसते फोटो कुठेही बघायला मिळतात. तो टिपताना शेजारी कोण होतं, काय बोलणं झालं, ते मला ऐकायचंय. सुरुवात मीच करते.

आमच्या पुण्याच्या घरी तगरीवर बोटाएवढी हिरवीगार अळी निघाली. फांदी हलली तशी तिने डोकं खाली दुमडलं आणि पाठीवर दोन टपोरे निळे डोळे दिसले. सासूबाई दचकून मागे सरकल्या. ती ओलिअँडर हॉकमॉथ या पतंगाची अळी. डोळे खोटे, शत्रूला भिववण्यापुरते. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई फुलं तोडायला गेल्या की आधी तिची चौकशी करायच्या. अळी तपकिरी होऊन खोडावरून उतरायला लागली, तेव्हा 'हिला आता माती हवी' हे त्यांनीच ओळखलं. माती-पालापाचोळा घातलेल्या बरणीत कोष झाला. पुढे हिरव्या-गुलाबी नक्षीचा पतंग निघाला आणि थेट त्यांच्या मनगटावर बसला. तो फोटो मोठा करून त्यांच्या खोलीत लावलाय.

*

सिंधुदुर्गातून लिहितोय. आमच्या काजूंवर ओंबील, म्हणजे पानं शिवून घरटी करणाऱ्या मुंग्या, भरपूर. वडील त्यांची घरटी मोडू देत नाहीत, कारण काजूवरच्या ढेकण्या या किडीचा बंदोबस्त त्या करतात. लेकीला घरटं दाखवत होतो; पानं जवळ ओढून, आपल्याच अळ्यांच्या रेशमाने शिवलेलं. ती म्हणाली, "बाबा, या मुंगीला आठ पाय आहेत!" खरंच की! पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून ओंबिलांचं सोंग घेतलेला कोळी होता तो. नराचे जबडे तर इतके लांब, की मुंगीने दुसरी मुंगी तोंडात धरलीय असंच वाटतं. फोटो मात्र मिळत नाही, लगेच पानामागे पळतो. कोणी उपाय सांगेल का? लेकीचा मिळालाय, डोळे बारीक करून पाय मोजताना.

*

ठाणे, तिसरा मजला. जास्वंदीवर कचऱ्याचा कण चालताना बाबांना दिसला. लेसविंग या जाळीदार पंखांच्या किड्याची अळी! खाल्लेल्या किड्यांची टरफलं पाठीवर लादून फिरते आणि मावा फस्त करते. बाबांनी त्या कुंडीवर फवारणी बंद केली.

*

आम्ही न्यू जर्सीत, प्रिन्स्टनजवळ. २०२१ च्या मे-जूनमध्ये १७ वर्षं जमिनीखाली राहिलेले लाल डोळ्यांचे सिकाडा नावाचे किडे अंगणभर बाहेर आले. कोविडमुळे आईचं येणं रद्द झालं होतं. मुलगा तळहातावर सिकाडा घेऊन तिला व्हिडिओ कॉलवर दाखवायचा. तो कर्कश आवाज ऐकून ती म्हणाली, "अरे, हे तर आपल्याकडच्या रातकिड्यांच्या वरताण!" कॉलच्या स्क्रीनवरची आई आणि पुढे धरलेला सिकाडा, दोघंही एकाच फोटोत आहेत. पुढची खेप २०३८ मध्ये. तेव्हा मुलगा कॉलेज संपवून कुठेतरी असेल. आईला मात्र मी तेव्हा इथे आणणारच.

*

नाशिकहून, सिंधुदुर्गवाल्या दादांसाठी. त्या कोळ्याचा फोटो दोघांनी मिळून काढा. लेकीला पानामागे हळूच हात धरायला सांगा, तो आपसूक तुमच्या बाजूला येईल. ओंबील चावतात, तेव्हा घरट्यापासून लांबची फांदी निवडा. सकाळी लवकर जा, गारव्यात किडे सुस्त असतात. सावलीच्या बाजूला पांढरा कागद धरला की पोटाखालचे पायही स्पष्ट येतात. फोनला लावायची क्लिपची मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स असेल तर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जवळ जावं लागतं आणि जरा हललं तरी फोटो धूसर येतो, म्हणून एकामागून एक सलग फोटो घ्या. त्यातला एखादा तरी नेमका येतो. माझ्याकडे फांदी धरायचं काम नवऱ्याचं. त्याचा अंगठा बऱ्याच फोटोंत येतो, मी तो कापत नाही. आठही पाय दिसणारा फोटो मिळाला की इथे नक्की टाका, आणि पाय मोजणारीचाही.