अनुभव धागा : सोसायटीत ईव्ही चार्जिंग, अडतं नेमकं कुठे?

मीटररूम : शेजारच्या धाग्यावर "गाडी घ्यायचीय पण सोसायटी पॉइंट देत नाही" वाचलं आणि जुने वाद आठवले. रेंजवर (एका चार्जमध्ये गाडी किती चालते) सगळे बोलतात, खरी गाडी अडते मीटर रूम ते पार्किंग या ४०-५० मीटरमध्ये. ७.२ किलोवॉटचा चार्जर सलग पाच-सहा तास ३२ अँपिअर ओढतो. गीझरच्या वायरिंगवर हे चालत नाही, जॉइंट तापून काळे पडतात. ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, अंतर जास्त असेल तर १०. करंट जास्त झाला की वीज तोडणारा ४० अँपिअरचा एमसीबी, करंट गळला की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (टाइप ए) आणि चांगलं अर्थिंग. ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा.

सचिव_बी_विंग : कमिटीशी तोंडी वाद नको. फेब्रुवारी २०२४ च्या वीज ग्राहक हक्क नियमांच्या दुरुस्तीनंतर सोसायटीतल्या रहिवाशाला ईव्हीसाठी स्वतंत्र वीजजोडणी मागता येते. अर्जाला पार्किंग वाटपाचं पत्र, केबलच्या मार्गाचा नकाशा आणि खर्च स्वतः करण्याची लेखी हमी जोडा. मार्ग कागदावर दिसला की निम्मे आक्षेप गळतात. घरच्या मीटरवर घेतलंत तर महिन्याचे दीड-दोनशे युनिट वरच्या स्लॅबमध्ये जातात, म्हणून वेगळा मीटर बरा.

रानजाई : +१

तारयंत्र : अर्थिंगवर जरा जास्त लिहितो. चार्जर लाल दिवा दाखवून बंद पडला की लोक कंपनीला फोन लावतात. आधी मल्टिमीटर न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये लावा. दोन-तीन व्होल्ट ठीक, पाचाच्या वर गेलं तर बहुतेक चार्जर नकार देतात. जुन्या इमारतीत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो किंवा पट्टी गंजून तुटलेली असते. काही इलेक्ट्रिशियन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. दिवा हिरवा होतो, पण मागे न्यूट्रल तुटली की गाडीच्या पत्र्यावर करंट येतो. असं कुणी सुचवलं तर काम तिथेच थांबवा. कुकर लावलाय, बाकी नंतर.

कोकणकडा : स्कूटरचं कुणी सांगेल का? सहावा मजला, लिफ्ट बंद असते.

तारयंत्र : बॅटरी काढता येत असेल तरी जिन्यात किंवा दाराशी चार्जिंगला लावू नका, आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच. गाडी चालवून आल्यावर बॅटरी अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या. खाली पार्किंगमध्ये १६ अँपिअरचा सॉकेट मिळाला तर उत्तम.

सह्यवेडी : विषयांतर : खंडाळ्याचा घाट किती चार्ज खातो? आईला घेऊन पुण्याला जायचंय.

मीटररूम : चढ साधारण साडेपाचशे मीटर. दीड-पावणेदोन टनांच्या गाडीला निव्वळ चढासाठी अडीच-तीन युनिट. ३० युनिटच्या बॅटरीत सुमारे १० टक्के धरा, रस्त्याचा नेहमीचा खर्च वेगळा. उतरताना काही परत मिळतं, पण बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर रीजन (उतारावर मोटरने बॅटरी परत भरणं) जवळपास बंद, म्हणून लोणावळ्यात पूर्ण भरून घाट उतरू नका. काकूंना सांभाळून न्या.

सह्यवेडी : धन्यवाद दादा!

लोडशेडिंग : मूळ मुद्दा राहिलाच. ४० गाड्यांना प्रत्येकी ७.२ दिले तर २८८ किलोवॉट झाले, बऱ्याच सोसायट्यांचा पूर्ण मंजूर लोड याहून कमी असतो. मग ट्रान्सफॉर्मरचं अंदाजपत्रक येतं आणि सभेत विषय बारगळतो. रोज ४०-५० किलोमीटरला सात-आठ युनिट लागतात, ३.३ किलोवॉटवर अडीच तासांत होतात. सगळ्यांना ३.३ द्या, लोड वाटून देणारी यंत्रणा बसवा, दोन जलद पॉइंट सामायिक ठेवा. ७.२ चा हट्ट सोडला तर आहे त्याच ट्रान्सफॉर्मरवर बऱ्याच ठिकाणी भागेल.

सचिव_बी_विंग : यंत्रणेचं कोटेशन कुठल्या मुद्द्यांवर मागायचं? रविवारी सभा आहे.

लोडशेडिंग : मुख्य केबलवर करंट मोजणारा सीटी, इंटरनेट गेलं तरी चालू राहणारं लोड नियंत्रण आणि फ्लॅटनिहाय बिलिंग. ही तीन कलमं लेखी घ्या.