आई-बाबांना बार्बेक्यू आणि सीफूडवाल्या हॉटेलात न्यायचंय, काय मागवू?

गोंधळलेला_रत्नागिरीकर:
मंडळी, मी ह्यूस्टनला असतो. आई-बाबा रत्नागिरीहून आलेत, ऐन आंब्याच्या दिवसात आंबे सोडून यावं लागलं म्हणून बाबा जरा रुसलेलेच आहेत. येत्या शनिवारी त्यांना सत्तर पूर्ण होतायत. भीमरथी शांत परत गेल्यावर गावी होईलच, इथे नुसतं केक आणि बाहेर जेवण. घराजवळ एक हॉटेल आहे, एका बाजूला बार्बेक्यू, दुसऱ्या बाजूला क्रॉफिश (कोळंबीचा भाऊबंद), ऑयस्टर म्हणजे कालवं वगैरे, बाहेर लाकडी बाकं, बँड, पोरांचा दंगा. परवा तिथून गाडीने जाताना धुराचा वास आला आणि बाबा म्हणाले हे काय भाजतायत रे, तेव्हापासून रोज तोच विषय.

अडचण अशी की आई बीफ-पोर्क खात नाही, चिकन-मासे चालतात. बाबा सगळं खातात पण शुगर आहे. मी स्वतः ऑफिसच्या लोकांबरोबर एकदाच गेलोय, काउंटरवरच्या माणसाने हातात सुरा धरून लीन का मॉइस्ट, हाफ पाउंड का पाउंड असं धडाधड विचारलं आणि मी घाबरून सगळ्याला येस म्हणालो, दोन दिवस तेच खात होतो. तर नक्की काय मागवायचं आणि आईसाठी काय बघायचं ते कोणीतरी सांगा.

धूरकरी:
अरे वा, आमचा विषय. ऑस्टिनजवळ राहतो आणि परसात स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवायची भट्टी, आहे (बायकोच्या मते घरात तिसरं अपत्य).

आधी एक, टेक्सासचं बार्बेक्यू म्हणजे आपलं तंदूर किंवा शेगडीवरचं भाजणं नव्हे. इथला राजा ब्रिस्केट, म्हणजे गुराच्या छातीचं मांस, मुळात अतिशय चिवट, म्हणून ते पोस्ट ओक नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरात मंद आचेवर १२-१४ तास ठेवतात, मग त्यातला चिवटपणा वितळून लोण्यासारखं होतं. मसाला म्हणाल तर मीठ आणि मिरी, संपलं. लीन म्हणजे कमी चरबीचा भाग, मॉइस्ट म्हणजे चरबीवाला. बाबांसाठी मॉइस्टच घे पण पाव पाउंड, वजनावर मिळतं त्यामुळे थोडंसं मागायला लाजू नकोस. ही वजनावर विकायची, कागदावर वाढायची पद्धत जर्मन आणि चेक लोकांच्या खाटीकखान्यांतून आली, ते उरलेलं मांस धुरावून विकायचे. कधी वेळ मिळाला तर त्यांना लॉकहार्टला घेऊन जा, टेक्सासच्या विधिमंडळाने १९९९ साली ठराव करून त्या एवढ्याशा गावाला बार्बेक्यूची राजधानी म्हटलंय.

वरचं काळंकुट्ट आवरण बघून बाबा जळलंय म्हणतील, ते जळलेलं नसतं, तीच खरी चव. आणि आतली गुलाबी कड बघून आई कच्चं आहे म्हणेल, तो धुराचा रंग असतो, टर्कीलाही येतो. आईसाठी स्मोक्ड टर्की नाहीतर चिकन घे. सॉसेज अजिबात नको, चौकशी केल्याशिवाय तर नाहीच, बहुतेक बीफ नाहीतर पोर्क, कधी दोन्ही. हां, पण स्मोकर एकच, कापायची फळी एकच. तेवढं तिला चालणार असेल तरच.

दापोलीची_सून:
वरच्या सगळ्यात मुख्य गोष्ट राहिली, भाज्या! मांसापेक्षा भाज्यांनीच दगा दिलाय आम्हाला. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा अशाच एका ठिकाणी (नाव नको) विचारून विचारून मासे मागवले आणि सोबत फरसबी आहे म्हणून त्या खूश, अर्धी वाटी संपल्यावर म्हणाल्या यात हे खोबऱ्याच्या कातळीसारखं खारट काय लागतंय, बघते तर बेकनचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे, तुकडे. पुढचे चार दिवस माझ्याशी मोजकंच बोलणं. तर बीन्स, फरसबी, कोलार्डची पालेभाजी, सगळ्यांत बेकन किंवा ब्रिस्केट असतं असंच धरून चाला आणि प्रत्येक वाटीचं वेगळं विचारा. कोलस्लॉ (कोबीची कोशिंबीर), कणीस, मॅक अँड चीज बऱ्याचदा निभावून नेतात. हश पपीज म्हणजे मक्याच्या पिठाची भजी, मुलांना आवडतील, पण तेल कशाकशाला वापरतात तेही विचारा.

आता मासे. एप्रिल म्हणजे क्रॉफिशचा भर. कोळंबी आणि शेवंड यांच्या मधलं काहीतरी समजा, गोड्या पाण्यातलं. रत्नागिरीकराला शिकवायची गरज नाही पण तरी, डोकं पिळून वेगळं करायचं, डोक्यातला रस ओढायचा, शेपटीचं कवच सोलायचं. पाउंडभर घेतलं तर हाताला जेमतेम दोन-अडीच औंस मांस लागतं, त्यामुळे वेटर माणशी दोन-तीन पाउंड म्हणाला तर फसवत नाहीये. ह्यूस्टनला आहात तर व्हिएतनामी पद्धतीचे मिळतात का बघा, १९७५ नंतर आलेल्या व्हिएतनामी लोकांनी शेजारच्या लुइझियाना राज्यातल्या मसालेदार उकडीवर वरून लसूण-बटर ओतलं आणि ते ह्यूस्टनचं होऊन बसलं. सोबत उकडीतले बटाटे, कणसं येतात, पण त्याच पातेल्यात बहुतेक सॉसेजही पडलेलं असतं, आईसाठी आधी विचारा.

आणि हात जोडून सांगते, बाबांना कच्ची कालवं देऊ नका. बर्फावर लिंबू पिळून मांडलेली फार छान दिसतात आणि आपली कोकणी माणसं कालवं म्हटलं की सुटतात, पण गरम पाण्याच्या दिवसांत इथल्या मेक्सिकोच्या आखातातल्या कच्च्या कालवांत व्हिब्रिओ नावाचा जंतू असू शकतो आणि डायबेटिस, लिव्हरचा त्रास असलेल्यांना तो फार वाईट बाधतो. मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही. तळलेली मागवा.

बाल्टिमोरचा_बोका:
क्रॉफिश काय घेऊन बसलात, बाबांना इकडे पाठवा. मेरीलँडला टेबलावर कागद पसरून वाफवलेल्या कुर्ल्यांचा ढीग ओततात आणि प्रत्येकाच्या हातात लाकडी हातोडी देतात, एवढ्यात पोट भरत नाही पण अख्खी संध्याकाळ जाते.

शुगरवरून एक, बार्बेक्यू सॉस निम्मा साखरेचा असतो आणि स्वीट टी म्हणजे पाक. साधा आइस टी सांगा, अनस्वीट म्हणायचं.

गोंधळलेला_रत्नागिरीकर:
सगळ्यांचे आभार, जाऊन आलो. पाव पाउंड मॉइस्ट, अर्धा पाउंड टर्की, आईला ग्रिल केलेला रेड स्नॅपर, आणि पाच पाउंड क्रॉफिश लसूण-बटरवाले, सॉसेज बाजूला ठेवा सांगितलं तर त्याने काहीही न विचारता वेगळंच पातेलं लावलं. फरसबीत बेकन होतंच, दापोलीची_सून यांना दंडवत.

बाबांनी ब्रिस्केटचा एक घास खाल्ला, डोळे मिटले, आणि काही बोललेच नाहीत, आमच्याकडे याला पसंती म्हणतात. क्रॉफिश आल्यावर मात्र गळ्यात प्लास्टिकचं लाळेरं बांधून बसले आणि माझ्या मुलाला डोकं कसं ओढायचं ते शिकवायला लागले, जणू मिरकरवाड्याच्या जेटीवर हेच मिळतं. शेजारच्या टेबलावरचा टोपीवाला म्हातारा बराच वेळ बघत होता, शेवटी उठून आला आणि बाबांशी हात मिळवून गेला, दोघांचेही हात बटरने माखलेले. नंतर स्टाफने टाळ्या वाजवत गाणं म्हटलं, डोक्यावर काउबॉय हॅट घातली. आईचं म्हणणं, मासा बरा होता, मीठ कमी, आणि बँडवाल्यांना कोणी हळू वाजवायला सांगत नाही का.

एक गाढवपणा माझा. आम्ही सात जण होतो, बिलात १८ टक्के टिप आधीच लावलेली, मी न वाचता वर अजून २० टक्के दिली. मोठा ग्रुप असेल तर बिल वाचत जा रे.

आता नवीन प्रश्न, उरलेले क्रॉफिश डब्यात भरून आणले आणि डबा डिकीत कलंडला. लसूण-बटरचा वास चार दिवस झाले जात नाहीये. बेकिंग सोडा टाकून झाला, कॉफी ठेवून झाली. काही उपाय?

धूरकरी:
ब्रिस्केट ठेव. त्या वासापुढे काही टिकत नाही.