नुसती ब्रेकची पॅड बदलू नका, आधी पिना बघा

गाडीच्या डिस्क ब्रेकचं आतलं पॅड झिजून पार मागच्या पत्र्यापर्यंत गेलंय आणि बाहेरचं अर्धं शिल्लक आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग दोष पॅडचा नाही. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर आवळणारा भाग, ज्या दोन पिनांवर सरकतो त्या जाम झाल्या असाव्यात, नाहीतर त्यातला पॅड ढकलणारा पिस्टन मागे जात नसेल. माझ्या गाडीत खालची पिन गंजून अशी अडकली होती की पाना लावून फिरवत फिरवत काढावी लागली. पिनेवरचं रबरी आवरण (बूट) फाटून आत पाणी गेलं होतं. पिना चकचकीत पुसा, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. नंतर बोटाने सहज सरकली पाहिजे.

पिस्टन सी-क्लॅम्पने (सी आकाराच्या शिकंज्याने) हळूहळू आत दाबून बघा. दाबला जात नसेल तर कॅलिपरच बदला, तिथे काटकसर नको. डिस्कवर नखाला लागणारे चरे असतील तर जाडीही मोजून घ्या, किमान आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो.

आणि कृपा करून नुसत्या जॅकवर काम करू नका, खाली स्टँड लावाच. गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा. पिस्टन मागे दाबलेला असल्याने पहिल्या दाबाला ते थेट तळाला जातं.