१९७१ च्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा कसा आवरला?

प्रश्न (मुलचेरा): शाळेत १९७१ च्या निर्वासितांवर तक्ता लावायचा आहे. पश्चिम बंगालमधल्या बनगावला सलाईन कमी पडल्यावर रोग्यांना नेमकं काय पाजलं?

उत्तर (आरमोरी): तिथे उपचार करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबीस यांचं प्रमाण लिहा, गुरुजी. लिटरभर पाण्यात ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ ३.५, खायचा सोडा २.५. भुकटीच्या प्लास्टिक पिशव्या गरम इस्त्रीनं चिकटवत. पाजायला नातेवाईकच! मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ च्या खाली आले.

उत्तर (ब्रह्मपुरी): ग्लुकोज का, तेही लिहाच. कॉलऱ्यात नुसतं मीठपाणी आतड्यात नीट शोषलं जात नाही. ग्लुकोजसोबत सोडियम आत जातं, मागोमाग पाणी. मीठ जास्त झालं तर लेकराच्या जिवावर बेततं. म्हणून आशाताईंकडचं ओआरएसचं (मीठ-साखरेच्या भुकटीचं) पाकीट पूर्ण लिटरातच घोळायचं, गिलासात अर्धंमुर्धं नाही.