माळाला लागून शेत आहे. हिवाळ्यात वन्यप्राण्यांसाठी काय करावे?

प्रश्न : नान्नजजवळ आमची कोरडवाहू शेती असून बांधापलीकडे गवताळ माळ आहे. शाळू उभा असताना तिथे काळवीट, खोकड (लहान कोल्हा) आणि जमिनीलगत संथ उडणारे शिकारी पक्षी दिसतात. त्यांना न बिथरवता निरीक्षण कसे करावे, आणि दाणापाणी ठेवावे का?

उत्तर १ : ते पक्षी बहुधा भोवत्या असावेत. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे हे पाहुणे झाडावर नव्हे, तर उंच गवतात जमिनीवरच रात्र काढतात आणि नाकतोडे, उंदीर, लहान पक्षी टिपतात. त्यामुळे माळ न पेटवणे हीच त्यांना सर्वांत मोठी मदत ठरते. बांधावर बसून दुर्बिणीतून पाहावे, सायंकाळी गवतात शिरू नये.

उत्तर २ : खाऊ मुळीच घालू नये. भाकरीच्या तुकड्यांवर आधी गावातली कुत्री जमतात आणि त्यांचे रोग खोकडांना लागतात. विहिरीला कठडा नसेल तर प्राणी आत पडू नयेत म्हणून तो आधी बांधावा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. काळवीट शाळू खातात, त्याचे काय?

उत्तर २ : वनविभागाकडून पंचनामा करून भरपाई मागता येते. कुंपणात वीज मात्र सोडू नये. काळविटाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि अशा तारेने माणसेही दगावतात.